अलोमोमोलाला टीममधून काढू नकोस

प्रिय मंदार,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या पोकेमॉन टीमबद्दलचं पत्र काल रात्री वाचलं, सकाळी उठून पुन्हा वाचलं. "अलोमोमोलाला काढून टाकतोय. ती काहीच करत नाही, नुसती मार खात बसते," ही ओळ काही केल्या डोक्यातून जाईना, म्हणून लगेच लिहायला बसलो. सोबत पाठवलेले चारही रीप्ले पाहिले. दोन तर टर्न मोजत, थांबवून थांबवून पाहिले.

एक गोष्ट मी कागदावर टिपून ठेवली. चार मॅचमध्ये तू अकरा वेळा विश (बरं करणारी मूव्ह) वापरलंस. त्यातल्या नऊ वेळा ते विश अलोमोमोलावरच पडलं. विश, मग प्रोटेक्ट (त्या टर्नचा मार अडवणारी मूव्ह), पुन्हा विश, पुन्हा प्रोटेक्ट. ती पूर्ण बरी होते, समोरचा तेवढ्यात आपली तयारी करून घेतो आणि तुझा जखमी गारचॉम्प मागे तसाच पडून राहतो. ती काहीच करत नाही असं तुला वाटणं साहजिक आहे, कारण तिचं सगळं बळ ती स्वतःलाच जगवण्यात घालवते आहे. मीही कितीतरी महिने तिला असंच खेळवलं. त्यामुळे हे तुला चुका दाखवायला लिहीत नाहीये. जे मला उशिरा कळलं ते तुला आत्ता कळावं, एवढीच इच्छा आहे.

आधी हिशेब बघ. तिचा बेस एचपी, म्हणजे जातीचा मूळ जीव, १६५ आहे. शंभराव्या लेव्हलला एचपीमध्ये २५२ ईव्ही (सरावाने मिळणारे वाढीव गुण) टाकले की तो ५३४ होतो. खेळाच्या पाचव्या पिढीपासून विश वापरणाऱ्याच्या कमाल एचपीच्या निम्मं बरं करतं. त्याआधी ते ज्याच्यावर पडेल त्याच्या निम्मं द्यायचं. सगळी किमया या एका बदलात आहे. अलोमोमोलाचं विश म्हणजे २६७ एचपी. तुझ्या गारचॉम्पकडे एचपीचे ईव्ही नाहीत, त्याचा पूर्ण एचपी ३५७. माझ्या ड्रॅगापल्टचा ३१७. म्हणजे तिचं एक विश गारचॉम्पला तीन चतुर्थांश भरून काढतं, आणि ड्रॅगापल्टला तर मरणाच्या दारातून परत आणतं. तेच विश तिच्यावर पडलं तर निम्मंच भरतं. अंब्रिऑनचं विश १९७ चं, व्हेपोरिऑनचं २३२ चं. ती दोघंही मला आवडतात, पण इतकं मोठं दान त्यांच्या हातात नाही.

तू म्हणशील, दान पोचवायचं कसं? विश पडतं पुढच्या टर्नच्या शेवटी. त्या टर्नला साधा स्विच केला तर आत येणाऱ्यालाच मार बसतो, आणि तो आधीच अर्धमेला असतो. विश पडायच्या आत तोच पडला तर सगळंच मुसळ केरात.

इथे फ्लिप टर्न, म्हणजे मारून लगेच जागा बदलणारी मूव्ह, कामाला येतं. तू ते फक्त पळून जायला वापरतोस. नीट बघ काय होतं. पहिल्या टर्नला विश. दुसऱ्या टर्नला समोरचा वेगवान असल्यामुळे आधी मारतो, तो मार अलोमोमोला झेलते. मग तिची पाळी येते. ती फ्लिप टर्न मारून बाहेर पडते आणि तिच्या जागी ज्याला तू निवडतोस तो आत येतो. त्या टर्नमधला मार तर होऊन गेलेला असतो! आत आलेला एकही ओरखडा न खाता उभा राहतो आणि टर्न संपताना त्याच्यावर २६७ एचपी पडतात. शिवाय बाहेर जाता जाता रीजनरेटर या तिच्या अंगभूत गुणामुळे (अ‍ॅबिलिटी) तिला स्वतःचे १७८ एचपी परत मिळतात. तिच्यासाठी वेगळं विश खर्चायची बहुतेक वेळा गरजच उरत नाही.

गेल्या आठवड्यातली एक मॅच सांगतो, म्हणजे चित्र डोळ्यांसमोर येईल. समोर ग्रेट टस्क, माझा ड्रॅगापल्ट मागे अवघ्या ४१ एचपीवर. मैदानात स्टेल्थ रॉक (आत येणाऱ्याला टोचणारे दगड) नव्हते. मी विश केलं, त्याने हेडलाँग रश मारलं. तिचा साधारण एक तृतीयांश एचपी गेला. दुसऱ्या टर्नला त्याने पुन्हा हेडलाँग रश मारलं, कारण त्याला वाटलं मी आता तिला वाचवायला धडपडेन. मी फ्लिप टर्न मारलं. ग्रेट टस्क जमिनीचा, पाण्याचा मार त्याला दुपटीने लागला. ड्रॅगापल्ट आत आला, टर्न संपला, आणि ४१ चे ३०८ झाले. हेडलाँग रश दर वेळी मारणाऱ्याचाच डिफेन्स आणि स्पेशल डिफेन्स एकेक पायरी उतरवतं, त्यामुळे तो दोन पायऱ्या खाली उतरून माझ्या ड्रॅकोमेटिओरसमोर उभा होता. इकडे अलोमोमोला दोन घाव खाऊनही ३६० च्या आसपास एचपी घेऊन मागे परतली होती. त्या दोन टर्नमध्ये तिने एकही पोकेमॉन पाडला नाही, पण मॅच तिनेच फिरवली, असं मी मनापासून म्हणतो.

म्हणूनच तुझ्या सेटमधली एक गोष्ट मला बदलायची आहे. तू तिला गतीची आयव्ही (जन्मजात गुण) पूर्ण ठेवलीस आणि नेचर, म्हणजे काही आकडे वाढवणारा-घटवणारा स्वभाव, बोल्ड. गती पडते १६६. रिलॅक्स्ड नेचर आणि शून्य आयव्ही केलीस तर ती १२१ वर उतरते, आणि डिफेन्स २५२ ईव्हीसह तोच २८४ राहतो. बाकी सगळ्या पोकेमॉनसाठी आपण एकेक आकडा गती वाढवायला धडपडतो. हिच्या बाबतीत जितकी हळू तितकी चांगली. समोरच्याने आधी मारायलाच हवं, तरच मागून येणारा सुखरूप येतो. ही उलटी गोष्ट मला पहिल्यांदा उमगली तेव्हा काय आनंद झाला होता!

टाँटची तक्रार तू केलीस. टाँट बसलं की तीन टर्न विशही नाही आणि प्रोटेक्टही नाही, हे खरं. पण फ्लिप टर्न हा हल्ला आहे, टाँटने तो अडत नाही. हल्ला नसलेल्या टेलिपोर्टने पळणाऱ्यांची तिथे कोंडी होते, हिची होत नाही. टाँट बसलं की घुटमळू नकोस, लगेच बाहेर काढ. एन्कोअरची, म्हणजे मागचीच मूव्ह पुन्हा पुन्हा करायला लावणाऱ्या मूव्हची, भीती मात्र खरी आहे. एन्कोअर असणारा समोर दिसला तर प्रोटेक्टला हात लावण्याआधी दोनदा विचार कर.

आता ज्या हरण्याने मला हे शिकवलं ते सांगतो. एका छोट्या स्पर्धेतली मॅच होती. दोन्हीकडे तीन-तीन उरलेले. माझा गारचॉम्प ६० एचपीवर, अलोमोमोला निम्म्यावर. त्याच्याकडे वेलस्प्रिंग मास्कची ओगरपॉन शिल्लक आहे हे मला माहीत होतं, तरी मी विश केलं. त्याच टर्नला त्याने ओगरपॉन आत आणली. त्या क्षणी गारचॉम्पला आत घालून विश त्याच्यावर पडू द्यायचं धाडस मला झालं नाही. अलोमोमोला गेली तर मॅच गेली, हे डोक्यात इतकं पक्कं बसलं होतं की मी प्रोटेक्ट दाबलं. विश तिच्यावर पडलं, ती पूर्ण भरली, मला हायसं वाटलं. ओगरपॉनने मात्र त्या टर्नला स्वोर्ड्स डान्स (हल्ल्याची ताकद दुप्पट करणारा) केला होता. मग मी फ्लिप टर्न मारायला गेलो. वेलस्प्रिंग ओगरपॉनची अ‍ॅबिलिटी वॉटर अ‍ॅब्जॉर्ब. फ्लिप टर्न पाण्याचं, ते तिच्यात विरून गेलं, आणि फ्लिप टर्न लागलंच नाही तर स्विचही होत नाही. पूर्ण भरलेली अलोमोमोला जागच्या जागी अडकली आणि हॉर्न लीच या गवती हल्ल्याच्या एका घावात गेली. उरलेले दोघं पाठोपाठ गेले.

मला सगळ्यात जास्त लागलं ते हे की मी तिला जपलं आणि तिला जपण्यातच बाकीच्यांना गमावलं. ओगरपॉन अजून पडली नसेल तेव्हा मी आता डोळे झाकून फ्लिप टर्न मारत नाही. साधा स्विच करतो, आणि तोही ड्रॅगापल्टमध्ये, कारण ड्रॅगन गवतालाही पुरतो आणि पाण्यालाही. तुझ्याकडे गारचॉम्प आहे, तोही ड्रॅगन. पण जमीन प्रकार सोबत असल्यामुळे गवत आणि पाणी त्याला सरळ लागतं, हे विसरू नकोस. गॅस्ट्रोडॉनचं स्टॉर्म ड्रेनही असंच फ्लिप टर्न गिळून टाकतं.

तिची दुसरी उणी बाजू म्हणजे स्पेशल डिफेन्स (शारीरिक नसलेल्या हल्ल्यांपासूनचा बचाव). बेस ४५, ईव्ही न टाकता १२६. डिफेन्सच्या निम्म्याहूनही कमी. स्पेशल हल्लेखोरासमोर तिला आणूच नये. तू दुसऱ्या रीप्लेमध्ये तिला शॅडो बॉल या स्पेशल हल्ल्यासमोर आणलंस तेव्हा मी खुर्चीत ताठ झालो. ते काम दुसऱ्या कुणाचं तरी असायला हवं, आणि तुझ्या टीममध्ये ते कुणीच करत नाही. खरं भगदाड तिथे आहे, आणि अलोमोमोलाला काढून ते बुजणार नाही.

आयटमबद्दल विचारलंयस. मी हेवी ड्यूटी बूट्सच ठेवतो, स्टेल्थ रॉकचा मार चुकवणारे. स्टेल्थ रॉक असले तर प्रत्येक वेळी आत येताना तिचे ६६ एचपी जातात, आणि ती तर सतत आतबाहेर करणार. रीजनरेटर १७८ देतं, त्यातून ६६ वजा जाता तरी फायदाच उरतो, म्हणून काही जण रॉकी हेल्मेट ठेवतात आणि स्पर्श करून मारणाऱ्याचा दर वेळी एक षष्ठांश एचपी काढून घेतात. ते चूक नाही. पण तुझ्या टीममध्ये रॉक साफ करणारं कुणी नाही, तर तू बूट्सच घे. चौथी मूव्ह तुझी टीम बघून ठरव.

तिच्याऐवजी ब्लिसी घ्यायचा विचार आहे म्हणतोस. ब्लिसी थोर आहे, बेस एचपी २५५ आणि स्पेशल डिफेन्स १३५ असलेली भिंत दुसरी कुठली? पण तिचा बेस डिफेन्स १० आहे, गारचॉम्पला ज्या शारीरिक हल्ल्यांची धास्ती असते ते तिला सोसत नाहीत. आणि नवव्या पिढीत सॉफ्ट-बॉइल्ड, रिकव्हर, रूस्ट अशा स्वतःला बरं करणाऱ्या मूव्हचे पीपी, म्हणजे किती वेळा वापरता येतं तो आकडा, दहावरून पाचवर आणले, वाढवून फार तर आठ. आठ वेळा बरं झालं की संपलं. विशचे दहाच राहिले, म्हणजे वाढवून सोळा. त्यात रीजनरेटर पीपी घेतच नाही. लांबलेल्या मॅचमध्ये हा फरक फार मोठा ठरतो. घ्यायचीच तर ब्लिसी हिच्या जोडीला घे, हिच्या जागी नको.

तू डबल्सही (दोन विरुद्ध दोन) खेळतोस, म्हणून एक आठवण. २०१४ ची जागतिक स्पर्धा सेजुन पार्कने जिंकली तेव्हा त्याच्या टीममध्ये पाचिरिसू होता. सगळे बेस आकडे मिळून ४०५, म्हणजे त्या पातळीवर कुणी गंभीरपणे बघणारही नाही असा. फॉलो मी वापरून तो सोबत्यावर येणारे घाव स्वतःकडे ओढायचा. गॅराडोसला वीज चौपट लागते. ती वीज पाचिरिसूने ओढून घेतली की व्होल्ट अ‍ॅब्जॉर्बमुळे उलट त्याचाच एचपी वाढायचा. तो शेवटपर्यंत उरला की नाही हा प्रश्नच नव्हता. गॅराडोसला हवा तो टर्न मिळाला की नाही, एवढंच बघायचं. मी जेव्हा जेव्हा अलोमोमोलाच्या एचपीच्या पट्टीकडे काळजीने बघायला लागतो तेव्हा मला तो पाचिरिसू आठवतो, आणि मी नजर गारचॉम्पच्या पट्टीकडे वळवतो.

पोकेडेक्समध्ये अलोमोमोलाबद्दल जे लिहिलंय ते तू वाचलंयस का? ती जखमी आणि अशक्त पोकेमॉनना आपल्या परांत हळुवार धरते आणि तिच्या अंगावरच्या पातळ आवरणाने त्यांच्या जखमा भरून येतात. लांबच्या सफरीवर निघालेले कोळी तिला सोबत नेतात, कारण ती असली की औषधाची आणि वैद्याची गरज पडत नाही. ज्यांनी तिला घडवलं त्यांनी तिच्या मूव्ह आणि अ‍ॅबिलिटीमध्ये हेच उतरवलं आहे असं मला दर मॅचला वाटतं. म्हणून तुझी ती ओळ इतकी लागली.

माझी एक विनंती ऐक. तिला अजून दहा मॅच ठेव. गती उतरव, बूट्स घाल, आणि त्या दहा मॅचमध्ये अलोमोमोलासाठी म्हणून एकही विश करू नकोस. विश दाबण्याआधी मनात ठरव की ते कुणावर पडणार, आणि समोर फ्लिप टर्न गिळणारं कोणी उरलंय का. काही मॅचमध्ये ती लवकर जाईल, जाऊ दे. दहाही रीप्ले मला पाठव, हरलेले आधी. रविवारी रात्री मी मोकळा आहे. मी वेलस्प्रिंग ओगरपॉन घेऊन येतो, तू तुझी टीम आण, आणि तिच्यासमोर कसं खेळायचं ते आपण दोघं मिळून शोधू.

पत्राची वाट बघतोय.

तुझा,
अभिजित