दिल्यास पत्र

मंगळवार पेठ, कोल्हापूर
रविवार, रात्र

प्रिय दिल्या,

आठ महिने पत्र नाही, फोन नाही. शिव्या घालून झाल्या असतील तर पुढं वाच. माझा गुडघा बरा आहे, साखर आहे तेवढीच.

वाडा पुढच्या महिन्यात उतरवणार. दादानं सह्या केल्या, मीही केल्या. त्यावर बोलायचं नाही. आठवण म्हणून दादानं एक फोटोग्राफर आणला. त्यानं दारात उभं राहून वाइड लेन्सनं एक फोटो मारला. वाड्याचा पुढचा सोपा दिसतोय मंगल कार्यालयाएवढा आणि आई कोपऱ्यात मुंगीएवढी. आपलं घर त्यात कुठंच नाही मर्दा.

मग तो इंग्रज चित्रकार हॉकनी आठवला. ज्याच्यापायी आपण रंकाळ्यावर भांडलो आणि मिसळीचे पैसे मीच दिले, तो. १९८६ साली कॅलिफोर्नियातल्या पेअरब्लॉसम हायवेच्या एका चौकाचे सातशेवर फोटो जोडले त्यानं. पाटीचा फोटो घ्यायला शिडी लावून पाटीजवळ गेला गडी. तू म्हणालास, ही ठिगळं आहेत, चित्रातल्या रेषा लांब जाऊन एका बिंदूला, व्हॅनिशिंग पॉइंटला, मिळाल्याच पाहिजेत. आपले सर त्या रीतीला यथार्थदर्शन (पर्स्पेक्टिव्ह) म्हणायचे. हे नाव ज्यानं ठेवलं त्याला आमच्या सोप्यात पाटावर बसवायला पाहिजे. एक डोळा मिटून, मान न हलवता घर बघतं कोण? हात लांब करून अंगठ्याचं नख बघ. डोळ्याला एका वेळी स्वच्छ दिसतं ते साधारण तेवढंच. बाकीचं नजर सेकंदाला तीनेक उड्या मारून गोळा करते.

म्हणून सकाळी आठ ते अकरा, जवळ जाऊन, १२८ फोटो काढले. चार बाय सहाचे प्रिंट आणून हार्डबोर्डवर डकवतोय. फरशीवर डावीकडं आठाचं ऊन, उजवीकडं अकराचं. तुझं कपाळ फुटलेली चौकट वरनं घेतली, तुझ्या उंचीची म्हणून (स्टुलावर चढलो, हसू नको). आई पाटावर मेथी निवडत होती. तिचा डावा हात तीनदा आलाय. मधेच उठून गेली, त्यामुळं ती पाटावर आहे आणि माजघराच्या उंबऱ्यातही आहे.

दादा म्हणाला, "आईची भुताटकी केलीस." आईनं चष्मा पुसला, बराच वेळ बघितलं आणि म्हणाली, "त्या दिवशी दूध उतू गेलं बघ."

खरी भीती सांगतो. फ्लॅटच्या भिंतीवर दादा तो वाइडचाच फोटो लावणार. रोज तोच बघून दहा वर्षांनी मलाही सोपा तेवढाच मोठा होता असं वाटायला लागलं तर? आताच शंका येते, खांबापासून उंबरा चार पावलं होता की पाच? मोजून आलो. साडेचार.

वहिनींची बदली झाली का? पोरगीची दहावी ना यंदा? तिला चित्रकलेला पाठवू नकोस, बापावर जाईल.

माळ्याच्या जिन्याची जागा बोर्डावर रिकामी आहे. पायऱ्या आधीच काढून नेल्या. गॅदरिंगच्या वेळचा तुझ्याकडं एक फोटो होता, आपण चौघं त्या जिन्यावर. हललेला असला तरी चालेल. प्रिंटच पाठव, मोबाइलवर नको.

तुझा,
बाळ्या