फेरविचाराची खिडकी पुन्हा उघडा : जर्मनीच्या परराष्ट्रमंत्र्यांना खुले पत्र

मा. परराष्ट्रमंत्री,
जर्मन संघराज्य, बर्लिन
यांस,

सप्रेम नमस्कार.

पत्र मराठीत आहे, त्याबद्दल माफी मागत नाही. आमच्या कागदांचं भाषांतर आम्ही पदरचे पैसे घालून करून घेतलं. या एका कागदाचं तुमच्या खात्याने करून घ्यावं.

आधीच सांगतो, आम्हा नवरा-बायकोचा व्हिसा आला आहे, पासपोर्ट कपाटात ठेवलेत. तेव्हा हे चिडलेल्या अर्जदाराचं पत्र नव्हे. मुलगी तुमच्याकडे नोकरी करते, तिचं बाळंतपण आहे, त्यासाठी आम्ही सहा आठवडे येतोय. पण फाइल जमवता जमवता एक गोष्ट कळली आणि ती डोक्यातून जात नाही. नाकारलेल्या व्हिसावर फेरविचार मागायची सोय, जिला तुम्ही 'रेमॉन्स्ट्रेशन' म्हणता, ती १ जुलै २०२५ पासून तुमच्या खात्याने जगभर बंद केली. पूर्वी महिन्याभरात एक पत्र लिहिलं की झालं. फी नाही, वकील नाही. त्याच वकिलातीत फाइल पुन्हा उघडायची. आता वाटा दोनच : नवा अर्ज करा, नाहीतर बर्लिनच्या प्रशासकीय न्यायालयात दावा लावा. तोही जर्मन भाषेत.

फाइलचं थोडं सांगतो, कारण तुम्हाला ती कधी लावावी लागली नसणार. मुलीने तिच्या गावच्या परदेशी नागरिक कार्यालयात पगाराच्या स्लिपा दाखवून, २९ युरो भरून आमच्यासाठी हमीपत्र करून दिलं. त्याचा अर्थ असा, की आमचं राहणं-खाणं, औषधपाणी, वेळ आली तर आम्हाला परत पाठवण्याचा खर्चसुद्धा तिच्या माथी. त्यावर किमान ३०,००० युरोचा प्रवास विमा. पासपोर्ट दहा वर्षांच्या आत काढलेला, परतीच्या तारखेनंतर तीन महिने चालणारा, दोन पानं कोरी. मग बँकेची स्टेटमेंट, पेन्शनचा कागद, आयकराची विवरणपत्रं. आपण परत येणार हे पटवायचं असतं, म्हणून मी सात-बाराही भाषांतर करून जोडला. वडिलोपार्जित सव्वीस गुंठे माणसाला किती ओढून आणतात, हे तो वाचणाऱ्याला कसं कळावं, देव जाणे.

ठसे द्यायला गेलो तर हिचे अंगठे यंत्रावर उमटेनात. चाळीस वर्षं धुण्याभांड्यांत झिजलेली बोटं ती. काउंटरवरच्या मुलीने ओल्या फडक्याने पुसून घेतली, पुन्हा टेकवायला लावली, शेवटी वरून स्वतःच्या हाताने दाबली. चौथ्या खेपेला हिरवा दिवा लागला. "झालं काकू, आता जवळजवळ पाच वर्षं बघायला नको," ती म्हणाली. तिचं काम तिथे संपलं. निर्णय घेणारा अधिकारी वेगळा, तो आम्हाला दिसला नाही आणि आम्हीही त्याला नाही. याला माझी हरकत नाही. बँकेत तेहतीस वर्षं मी कर्जाचे अर्ज पाहिले, कागदावरूनच माणूस ओळखावा लागतो हे मला ठाऊक आहे. मात्र कागद चुकीचाही वाचला जातो, हेही त्याच खुर्चीत बसून कळलं.

माझ्या मेहुणीचं उदाहरण देतो. तिने अर्ज केला होता दुसऱ्याच एका शेंगेन देशाकडे, म्हणजे एकाच व्हिसावर फिरता येणाऱ्या युरोपीय देशांपैकी एकाकडे. नाव घेत नाही, कारण त्या देशाने पुढे चूक निस्तरली. ती विधवा, पेन्शनवर राहणारी, मुलगा तिकडे. सुनेला दिवस गेलेले. अर्ज नाकारला. नकाराचा कागद तुम्हाला माहीतच असेल, सगळ्या शेंगेन देशांचा नमुना एकच : छापील कारणं, प्रत्येकासमोर चौकोन, चौकोनात फुली. तिच्या कागदावर दोन फुल्या होत्या. खर्चाची पुरेशी सोय दाखवलेली नाही, आणि मुदतीत परत जाण्याच्या इराद्याबद्दल रास्त शंका आहे. पहिलीपेक्षा दुसरी फुली तिला फार लागली. "भावोजी, मी काय तिथे लपून राहणार होते का?" एवढंच पुन्हा पुन्हा म्हणायची.

मी तिचं स्टेटमेंट मागवलं. दुसऱ्या पानावर उत्तर सापडलं. अर्जाच्या तीन आठवडे आधी खात्यात एक मोठी रक्कम एकदम जमा झालेली. बँकेतला कुणीही त्या ओळीवर थांबेल. मीही थांबलो असतो. उसने पैसे आणून चार दिवस खातं फुगवणारे लोक असतातच. हिने मात्र तिकिटासाठी स्वतःची मुदत ठेव मोडली होती. ठेव मोडल्याची पावती घरात, पत्र्याच्या डब्यात, लाइटच्या बिलांखाली. ती जोडायला हवी हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. सुदैवाने त्या देशात फेरविचार मागता येत होता. दीड पानी पत्र आणि पावतीची प्रत पाठवली. व्हिसा आला. नातू तोवर दोन महिन्यांचा झाला होता.

हाच अर्ज तिने तुमच्याकडे केला असता तर? पुन्हा ९० युरो, पुन्हा अपॉइंटमेंट, पुन्हा सगळी फाइल, आणि काय सुधारायचं ते ठाऊक नाहीच. फुली पैशाच्या चौकोनात, म्हणून तिने कुठून तरी आणखी पैसे आणून खात्यात टाकले असते. म्हणजे संशय दुप्पट. बर्लिनच्या न्यायालयाचं तर नावच नको. ठेवीची पावती दाखवायला परदेशात दावा लावणारी बाई अजून जन्माला यायची आहे.

तुमच्या खात्याची बाजू मी वाचली. २०२३ पासून काही ठिकाणी फेरविचार थांबवून पाहिला, त्यात माणसं मोकळी झाली, ती नव्या अर्जांकडे वळवता आली. शिवाय ही सोय देणं कायद्याने बंधनकारक नव्हतं, आणि न्यायालय उघडं असल्याने अपिलाची अटही पुरी होते. हिशेब बरोबर आहे. पण नाकारलेला माणूस पुन्हा अर्ज घेऊन येतो तेव्हा तो त्याच रांगेत उभा राहतो ना? एका पावतीवर मिटणारं काम आता दुसऱ्या अख्ख्या फाइलने होतं, आणि तिची फी अर्जदार भरतो. बँकेत आम्ही याला काम कमी झालं असं म्हणत नव्हतो.

दुसरं असं. भारतातल्या कुशल कामगारांसाठीचे वर्षाचे व्हिसा २० हजारांवरून ९० हजार करण्याची घोषणा तुमच्याच सरकारने ऑक्टोबर २०२४ मध्ये दिल्लीत केली. आमची मुलं तुम्हाला हवीत, याचा आनंदच आहे. पण ही मुलं तिथे संसार मांडणार, त्यांना मुलंबाळं होणार, आणि बाळंतपणाला आई जाणार, हे त्या घोषणेतच आलं. नियमित ये-जा करणाऱ्या भारतीयांना दोन वर्षांचा, पुढे पाच वर्षांचा व्हिसा द्यायचं युरोपने एप्रिल २०२४ मध्ये ठरवलं, तेही चांगलंच झालं. पण ती शिडी चढायला आधी व्हिसा मिळून तो नीट वापरलेला असावा लागतो. पहिल्याच पायरीवर फुली मिळालेल्या आजीला तिचा काय उपयोग?

परत न जाण्याच्या शंकेबद्दल एक बोलायचं आहे. १२ ऑक्टोबर २०२५ पासून तुमच्या सीमांवर शिक्क्याऐवजी संगणकात नोंद व्हायला सुरुवात झाली. कोण कधी आला, कधी गेला, १८० दिवसांत ९० दिवस राहण्याची मर्यादा कुणी ओलांडली, हे आता यंत्र सांगणार. थांबून राहणारा सापडतो, तर न थांबणाऱ्यावरचा संशय थोडा सैल करायला काय हरकत आहे?

माझं मागणं लहान आहे. ज्याच्यासाठी तुमच्याच देशातल्या माणसाने हमीपत्र भरलंय, निदान त्याला तरी फेरविचाराची सोय परत द्या. तेही जड वाटत असेल, तर नकार देण्याआधी एक ईमेल पाठवा : अमुक तारखेला जमा झालेली रक्कम कुठून आली, सात दिवसांत कळवा. आम्ही कर्जदाराला असंच विचारत होतो, आणि दहातले बरेच अर्ज तिथेच मार्गी लागत. आणि तेही नको असेल, तर फुलीखाली दोन ओळी लिहा. स्टेटमेंटवर बोट ठेवून हे पटलं नाही म्हणा. बाकीचं आम्ही बघून घेऊ.

आम्ही पुढच्या महिन्यात निघतोय. परतीचं तिकीट काढलंय, त्याची प्रत तुमच्या फाइलीत आहे. तेव्हा उत्तर मुलीच्या पत्त्यावर पाठवू नये, अर्जातल्या आमच्या घरच्या पत्त्यावर पाठवावं. ते येईपर्यंत आम्ही घरी पोचलेलो असू.

आपला,
एक निवृत्त बँक कर्मचारी