सोळाव्या वर्षी रिटायरमेंट

संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

मुलाखतीत खेळाडूंना "मोटिवेशन कुठून मिळतं?" असं विचारतात ना, ते वाचलं की मला बर्फावर गिरक्या-उड्या मारणारी अमेरिकेची फिगर स्केटर अलिसा लिऊ आठवते. २०१९ मध्ये तेराव्या वर्षी ही पोरगी अमेरिकेची नॅशनल चॅम्पियन झाली, २०२२ ला बीजिंग ऑलिम्पिक खेळली, वर्ल्ड चॅम्पियनशिपला ब्रॉन्झ घेतलं आणि त्याच एप्रिलमध्ये इन्स्टावर पोस्ट टाकून सोळाव्या वर्षी चक्क रिटायर! लोक म्हणाले वाया गेली. ती मात्र मैत्रिणींबरोबर एव्हरेस्ट बेस कॅम्पला फिरून आली, कॉलेजला गेली, दोन वर्षं बर्फावर जवळपास नाहीच, मग एकदा स्कीइंग करताना तो जुना थरार परत जाणवला म्हणून स्वतःहून परतली आणि मार्च २०२५ ला बोस्टनमध्ये थेट वर्ल्ड चॅम्पियन. परतताना अट एकच, निर्णय माझे मी घेणार.

उलट रशियाची स्केटर ट्रुसोव्हा बघा. बीजिंगला एकाच प्रोग्रॅममध्ये पाच क्वाड मारले, म्हणजे हवेत चार-चार गिरक्या, सिल्व्हर मिळालं आणि सतरा वर्षांची ती पोर कॅमेऱ्यासमोर ढसाढसा रडत म्हणत होती की मला हा खेळच नको. मस्कारा सगळा गालावर आलेला. मला तर टीव्ही बंद करावासा वाटला.

त्यानंतर सीनियर गटाचं किमान वय १५ वरून टप्प्याटप्प्याने १७ केलं, बरंच झालं. पण थकलेल्या पोराला चार महिने सुट्टी देणारा कोच कुठल्या नियमाने मिळणार?

एक वाचक, ठाणे