फोन-इंटरनेट सांभाळण्याचे करार मराठीत हवेत

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या अंकातील व्यापार पुरवणीत गेल्या रविवारी अर्ध्या पानाची एक जाहिरात होती. फोन, इंटरनेट आणि त्यांची सुरक्षा, सगळे आमच्यावर सोपवा आणि तुम्ही निवांत धंदा करा, असा तिचा सूर होता. ती वाचून हे पत्र लिहायला बसले. असे सोपवणे चूक आहे, असे मला मुळीच म्हणायचे नाही. नागपुरातल्या गांधीबागेतल्या आमच्या औषधांच्या ठोक दुकानात आजही ही सेवा घेतलेली आहे आणि तिच्याशिवाय आमचे चालणार नाही. पण सोपवताना ज्या कागदावर व्यापारी सही करतो, तो कागद त्याला वाचून समजला पाहिजे. म्हणजे तो मराठीत असला पाहिजे. आणि रात्री बिघाड झाला तर काय, रविवारी झाला तर काय, हे त्यात स्पष्ट लिहिलेले असले पाहिजे.

मी १९८३ साली टेलिफोन खात्यात ऑपरेटर म्हणून लागले. ट्रंक बोर्डावर, म्हणजे परगावचे कॉल हाताने जोडायच्या फळीवर, कानाला हेडसेट लावून ऑर्डिनरी, अर्जंट आणि लाइटनिंग कॉल जोडण्यात उमेदीची वर्षे गेली. पुढे एसटीडी आले, बोर्ड गेले आणि मी १९८ वर, म्हणजे तक्रार नोंदणीवर आले. तिथे एक शिस्त होती. तक्रार आली की डॉकेट नंबर द्यायचा, टेस्ट डेस्कवरून त्या फोनच्या तारांची जोडी तपासून घ्यायची आणि तक्रार लाइनमनच्या नावासमोर चढवायची. दुरुस्तीला उशीर व्हायचा, लोक रागवायचे, पण बिघाड कोणाच्या नावावर आहे हे वहीत दिसायचे. ३१ जानेवारी २०२० ला स्वेच्छानिवृत्ती घेतली आणि मुलाच्या दुकानात हिशेब बघू लागले.

मुलाने तोवर फोन, इंटरनेट, बिलिंगचे संगणक आणि इंटरनेटवरून नको ते आत येऊ न देणारी फायरवॉल हे सगळे एकाच कंपनीकडे दिले होते. दरमहा ठरावीक रक्कम. करार अकरा पानांचा, इंग्रजीत. सही करताना तो त्याने पूर्ण वाचला नव्हता. मीही मागितला नाही. आयुष्य टेलिफोन खात्यात घालवूनही मागितला नाही, याची बोच मला अजून आहे.

गेल्या दिवाळीनंतरचा एक सोमवार. सकाळी साडेनऊला दुकानातल्या पोराचा फोन आला, "काकू, बिल निघून नाही राहिलं जी. सगळ्या फायलींची नावंच बदलली." जाऊन पाहिले तर बिलिंगच्या मुख्य संगणकावर प्रत्येक फाइलच्या नावापुढे काहीतरी भलतेच शेपूट लागलेले, आणि मधोमध इंग्रजीत पैसे मागणारी चिठ्ठी. बॅकअपची डिस्क त्याच संगणकाला बारा महिने जोडलेली असायची. तिच्यावरच्या फायलींचीही तीच गत.

कंपनीचा माणूस बाराला आला. कामाला प्रामाणिक होता, त्याच्यावर माझा राग नाही. त्याने सगळे नेटवर्क बंद करायला सांगितले. ते बरोबरच होते, नाहीतर लागण बाकीच्या संगणकांत पसरली असती. पण नेटवर्क बंद केल्याबरोबर फोनही बंद पडले. आमची आठही एक्स्टेंशन इंटरनेटवर चालतात, हे तोवर कोणाच्या डोक्यात आले नव्हते. उमरेड, काटोल, सावनेर, रामटेक इथले औषध दुकानदार सकाळीच फोनवर मागणी देतात. त्यांना त्या दिवशी नुसती "संपर्क होऊ शकत नाही" ची टेप ऐकू येत होती. फ्रिजमध्ये दोन ते आठ अंशांवर इन्सुलिन ठेवलेले, मागणारा फोन करतो आहे, आणि आमच्यापर्यंत आवाज पोचत नाही.

माझ्या हट्टाने दुकानात एक जुनी तांब्याच्या तारेची लाइन ठेवलेली होती. मुलगा दोनदा म्हणाला होता, "आई, कशाला तिचं भाडं भरायचं?" त्या लाइनला वीज एक्स्चेंजमधल्या ४८ व्होल्टच्या बॅटऱ्यांतून येते. आपल्याकडे दिवे गेले काय, नेट गेले काय, डायल टोन येतो. त्या एका फोनवर मी संध्याकाळपर्यंत बसले आणि वहीत मागण्या उतरवल्या. कान अजून चांगले आहेत, हे त्या दिवशी कामी आले.

आणि खाती वाचली ती लक्ष्मीपूजनामुळे. आमच्याकडे पूर्वी लाल वह्यांची पूजा व्हायची. आता खाते संगणकात, म्हणून त्या वर्षी मी दुकानातल्या पोराकडून सगळ्या हिशेबाची प्रत एका जुन्या डिस्कवर काढून घेतली आणि ती डिस्क चौरंगावर ठेवून हळदकुंकू वाहिले. पूजा झाल्यावर ती महाल भागातल्या आमच्या घरी कपाटात राहून गेली. तेवढ्यावरच आम्ही पुन्हा उभे राहिलो. मधल्या तेरा दिवसांची बिले कागदावरच्या प्रती पाहून, बॅच नंबर आणि एक्सपायरीसकट, तिघांनी बसून पुन्हा भरली. नऊ दिवस लागले. चिठ्ठीवाल्यांना एक रुपया दिला नाही.

त्यानंतर मी तो अकरा पानांचा करार मागून घेतला आणि शब्दकोश जवळ ठेवून वाचला. देखरेख सोमवार ते शनिवार, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा. हल्ला शनिवारी रात्री झालेला. बॅकअप "शक्य त्या प्रयत्नांनुसार". तो परत चालू करून पाहण्याचा उल्लेख कुठेच नाही. म्हणजे कंपनीने करार मोडला नव्हता. आम्हीच तशा करारावर सही केली होती.

चोर आत आला कसा, तेही कळले. बिलिंग सॉफ्टवेअरवाल्या पोराला घरून दुरुस्ती करता यावी म्हणून मुख्य संगणकात बाहेरून शिरण्याची सोय, म्हणजे रिमोट डेस्कटॉप, थेट इंटरनेटवर उघडी ठेवलेली होती. त्याचा ३३८९ नंबरचा पोर्ट, म्हणजे आत शिरायचे दार, जगभरातले भुरटे रात्रंदिवस चाचपत असतात. सापडला की एकामागून एक पासवर्ड लावून पाहतात. आमचा पासवर्ड म्हणजे दुकानाचे नाव आणि पुढे १२३. ऐंशी हजारांची फायरवॉल रॅकमध्ये दिवे लुकलुकवत बसली होती आणि तिच्यातच हे भोक पाडून ठेवलेले. ते कोणी पाडले, कधी पाडले, याची नोंद नव्हती. पहिला शिरकाव त्या शनिवारच्या आधी नेमका कधी झाला हेही सांगता आले नाही, कारण फायरवॉलच्या नोंदी फक्त सात दिवसांच्या होत्या.

इथे सरकारी नियम मला नंतर समजला. सर्ट-इन या सायबर सुरक्षेच्या केंद्रीय यंत्रणेच्या २८ एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार असा प्रकार लक्षात आल्यापासून सहा तासांत त्यांना कळवावे लागते आणि आपल्या संगणक-नेटवर्कच्या नोंदी १८० दिवस जपून ठेवाव्या लागतात. आम्ही पहिले सहा तास मागण्या लिहिण्यात घालवले. पोलिसांच्या सायबर ठाण्यात गेलो तो दुसरा दिवस उजाडला होता. १९३० हा मदत क्रमांक सगळ्यांना माहीत असतो, तो मुख्यतः खात्यातून पैसे गेले तर. फायली कुलूपबंद झाल्या तर कोणाला कळवायचे, हे गांधीबागेत त्या दिवशी मी ज्यांना ज्यांना विचारले त्यांच्यापैकी कोणालाच सांगता आले नाही.

दुसरी बाब त्याहून गंभीर आहे. आमच्याकडे घरपोच औषधे घेणाऱ्या काही रुग्णांचीही यादी आहे. नाव, पत्ता, कोणते औषध चालू आहे ते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यात ही माहिती सांभाळण्याची जबाबदारी ती गोळा करणाऱ्यावरच ठेवली आहे. काम बाहेरच्या कंपनीला दिले म्हणून ती त्या कंपनीवर जात नाही. पुरेशी सुरक्षा न ठेवल्यास दंड अडीचशे कोटी रुपयांपर्यंत होऊ शकतो. नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले आणि मुख्य जबाबदाऱ्या त्यानंतर अठरा महिन्यांनी लागू होतात. जाहिरातीत "निवांत" हा शब्द वाचून मला बसल्या जागी राहवले नाही, ते यामुळे.

आणि हे फक्त लहान दुकानांचे नाही. २०२२ च्या नोव्हेंबरात दिल्लीच्या एम्समध्ये असाच हल्ला झाला आणि किती तरी दिवस केसपेपर हाताने लिहावे लागले. २०२४ च्या जुलैअखेरीस बँकांना तंत्रसेवा देणाऱ्या एका कंपनीवर हल्ला झाला, तेव्हा सुमारे ३०० लहान सहकारी आणि ग्रामीण बँकांचे व्यवहार तात्पुरते तोडावे लागले. घाव बसला सेवा देणाऱ्यावर आणि पैशासाठी ताटकळला तो खेड्यातला खातेदार.

आवाजाबद्दलही लिहिते, कारण ते माझे जन्माचे काम. इंटरनेटवरच्या फोनमध्ये बोलणे बारीक तुकडे करून पाठवतात, सेकंदाला साधारण पन्नास. त्याच लाइनवर कोणी मोठी फाइल चढवत असेल आणि आवाजाला आधी जाऊ देण्याची व्यवस्था राउटरमध्ये केलेली नसेल, तर मधले तुकडे गळतात. आमच्याकडे एकदा भंडाऱ्याच्या दुकानदाराचे "दहा नको, दोन पाठवा" मधले "नको" गळाले आणि पोराने इन्सुलिनची दहा पेन चढवली. एकदा थंड साखळीतून बाहेर गेलेले इन्सुलिन परत घेता येत नाही. नव्या करारात मी आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची शिफारस घालायला लावली, की आवाज एका बाजूने १५० मिलिसेकंदांच्या आत पोचला पाहिजे. कंपनी आता त्याचा मासिक अहवाल देते.

दोन कंपन्यांच्या दोन लाइन घेतल्या की बिनघोर, असेही पुष्कळजण समजतात. आमच्या त्या दोन्ही लाइन एकाच खांबावरून येऊन एकाच नळीतून दुकानात शिरत होत्या. सिमेंट रस्त्यासाठी जेसीबी चालला आणि दोन्ही एका फटक्यात गेल्या. खोदण्याआधी केबलवाल्यांना कळवण्यासाठी केंद्र सरकारने मार्च २०२३ पासून "कॉल बिफोर यू डिग" हे अ‍ॅप दिले आहे. ते वापरल्याशिवाय रस्ता खोदू देऊ नये, अशी महापालिकेला माझी विनंती आहे. आणि यूपीएस मे महिन्यात पत्र्याखाली ठेवू नका. आपल्या पंचेचाळीस अंशांत बॅटरी निम्मे आयुष्यही न भरता जीव टाकते.

आता आम्ही त्याच कंपनीशी नवा करार केला आहे, दोन पानी, मराठीत. त्यांनीही कुरकुर केली नाही. उलट त्यांचा माणूस म्हणाला, "काकू, असं कोणी विचारतच नाही जी." बाहेरून शिरायचे तर व्हीपीएनमधून, म्हणजे इंटरनेटवरच्या बंदिस्त खासगी वाटेने, आणि पासवर्डशिवाय मोबाइलवर येणारा दुसरा आकडा टाकूनच. प्रत्येक माणसाचा वेगळा लॉगिन. बॅकअपच्या तीन प्रती, त्यांतली एक संगणकापासून तोडून दुकानाबाहेर. दर तीन महिन्यांनी ती प्रत आमच्या डोळ्यांसमोर चालू करून दाखवायची. रात्री आणि रविवारी कोणाचा फोन वाजणार, त्या माणसाचे नाव आणि तो किती वेळात उत्तर देणार. नेटवर्क बंद करावे लागले तर फोन कशावर चालतील. करार संपला तर सगळे पासवर्ड कोणाच्या हाती येतील. पैसे वाढले ते महिन्याला साडेतीन हजार.

हे एकेकट्याने करण्यासारखे काम नाही. इतवारीतल्या सराफाला, कळमन्यातल्या अडत्याला, हिंगणा आणि बुटीबोरीतल्या लहान कारखानदाराला शब्दकोश घेऊन बसायला वेळ नाही. नागपुरातल्या व्यापारी आणि उद्योजकांच्या संघटनांनी दोन वकील आणि दोन नेटवर्कचे जाणकार बसवून मराठीत एक नमुना करार तयार करावा आणि सभासदांना वाटावा, अशी माझी कळकळीची मागणी आहे. आमच्या कराराची प्रत, नावे आणि रकमा खोडून, सोबत जोडली आहे. अंकात जागा असेल तर ती छापावी. नसेल तर ज्यांना हवी असेल त्यांचे निरोप आपण माझ्यापर्यंत पोचवावेत, मी छायाप्रती काढून ठेवल्या आहेत.

आपली विश्वासू,
एक निवृत्त टेलिफोन ऑपरेटर
महाल, नागपूर