आधी ऐकून घ्या

‘हंगाम संपला तरी अंगणवाड्या ओसच’ ही बातमी वाचली. तिच्यात पालकांच्या अनास्थेला दिलेला दोष पटला नाही. दिवाळीनंतर नंदुरबार-धुळ्यातील कितीतरी कुटुंबे ऊसतोडीला गुजरातकडे जातात. पाडा, आजी, ओळखीची सेविका, सारे एका रात्रीत सुटते. परतलेले मूल आवाज चढला तरी दचकते. ते हट्टी नसते, घाबरलेले असते. त्याच्या आईला ‘इतके दिवस कुठे होतीस?’ असे दरडावले, की तीही फिरकत नाही. १९७५ पासूनच्या या अंगणवाडी योजनेत वजन, आहार, लसीकरण नोंदले जाते; मनावरचा आघात नाही. सेविका-मदतनीस आधीच कामाने वाकल्या आहेत, त्यांच्यावर आणखी रजिस्टर नको. प्रत्येक बीटसाठी, म्हणजे अंगणवाड्यांच्या गटासाठी, आघाताची जाण असलेला, भिली-पावरी बोलणारा प्रशिक्षित समाजकार्यकर्ता शासनाने नेमावा. त्याने घरी जाऊन आधी ऐकून घ्यावे.

– एक निवृत्त मुख्यसेविका, शहादा