अनंतास पत्र : गोव्यात बसून युद्धकविता वाचताना

फोंडा, गोवा
दि. ३ ऑगस्ट

प्रिय अनंत,
सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र पोचले. वहिनींची तब्येत सुधारल्याचे वाचून आम्हा सर्वांना बरे वाटले. पत्राच्या शेवटी तू विचारले आहेस की, जिथे कधी खंदक खणले गेले नाहीत आणि जिथली लष्करी कारवाई दोन दिवसांत आटोपली, त्या गोव्यात राहून या वयात मी युद्धकवितेवर प्रबंध का लिहायला घेतला, आणि त्यात राष्ट्रीय अस्मितेचा प्रश्न कुठून आला. तुझी शंका रास्त आहे. तिचे उत्तर चार ओळींत मावणारे नाही, म्हणून सवडीने लिहीत आहे.

कोल्हापुरात एम. ए. करताना आपण युद्धकविता शिकलो ती इंग्लंडच्या घरातली गोष्ट म्हणून. आधी रूपर्ट ब्रुक यायचा, परक्या मातीचा एक कोपरा आपल्या देहामुळे कायमचा इंग्लंड होईल असे समाधानाने लिहिणारा. मग विल्फ्रेड ओवेन, विषारी वायूने गुदमरणाऱ्या सैनिकाकडे बोट दाखवून, देशासाठी मरणे गोड असते हे रोमन कवी होरेसचे वचन धडधडीत खोटे ठरवणारा. ब्रुक १९१५ च्या एप्रिलमध्ये लढाईला तोंड लागण्याआधीच रक्तात विष भिनून गेला, आणि ओवेन ४ नोव्हेंबर १९१८ रोजी, युद्ध थांबायला आठवडा उरला असताना मारला गेला. त्याच युद्धात हिंदुस्थानातून तेरा लाखांच्या आसपास माणसे गेली आणि त्यांतली सत्तर हजारांहून अधिक परतली नाहीत, हे मात्र त्या पाठ्यपुस्तकांत नव्हते. तुझ्या साताऱ्याजवळच्या ज्या अपशिंग्याला सगळे मिलिटरी अपशिंगे म्हणतात, तिथली पोरे त्यांत होती. मराठा पलटणींचे जवान मेसोपोटेमियात कुत-अल-अमाराच्या वेढ्यात उपाशी अडकले होते आणि १९१६ च्या एप्रिलमध्ये तो वेढा शरणागतीने संपला. आपण ब्रुकचे सुनीत पाठ करत होतो तेव्हा आपल्या वर्गात साताऱ्याकडची निदान पाच-सहा मुले बसलेली असत.

मला या विषयाकडे खऱ्या अर्थाने ओढले ते ओवेनच्या आईने. आघाडीवर परतण्यापूर्वी त्याने आईचा निरोप घेताना गीतांजलीतल्या ओळी म्हटल्या होत्या, आणि मृत्यूनंतर त्याची वही घरी आली तेव्हा त्या ओळी त्याच्या हस्ताक्षरात, खाली रवींद्रनाथांचे नाव घालून लिहिलेल्या आढळल्या. १९२० मध्ये त्या माउलीने रवींद्रनाथांना पत्र लिहून, ती संपूर्ण कविता कोणत्या पुस्तकात मिळेल, असे विचारले. मुलाच्या मृत्यूची तार तिच्या घरी आली ती ११ नोव्हेंबरला, युद्धसमाप्तीच्या दिवशी. ओवेन लष्करी प्रशिक्षण घेत होता त्याच काळात, १९१६ मध्ये, रवींद्रनाथ जपान आणि अमेरिकेत राष्ट्रवादाच्या विरोधात व्याख्याने देत फिरत होते. आणि ज्या येट्सने गीतांजलीला प्रस्तावना लिहिली त्यानेच १९३६ मध्ये आधुनिक इंग्रजी कवितेचा संग्रह संपादित करताना, निमूटपणे सोसलेले दुःख हा कवितेचा विषय होऊ शकत नाही असे सांगून ओवेनला वगळले. येट्स माझा आवडता कवी आहे, तरीही त्याचा हा निर्णय मला मान्य नाही. शत्रूवर धावून न जाता नुसते सोसणाऱ्या माणसाला कवितेत जागा नसेल, तर कुतच्या वेढ्यातल्या शिपायाला आणि घरी वाट पाहणाऱ्या त्याच्या आईला ती कुठे मिळायची?

या आईचा माग काढत गेलो आणि मला एक गोष्ट जागोजागी दिसू लागली. युद्धाच्या काळात राष्ट्र आईचे रूप घेते, आणि मग जन्म दिलेली आई कवितेतून हळूहळू बाहेर जाते. सरोजिनी नायडूंनी १९१५ मध्ये हिंदी सैनिकांवर जी इंग्रजी कविता लिहिली तिच्यात बोलते ती भारतमाता : माझी मुले इराणच्या लाटांकाठी निजली आहेत, इजिप्तच्या वाळूवर आणि फ्लँडर्स-फ्रान्सच्या कुरणांत विखुरली आहेत, त्यांच्या रक्ताची आठवण ठेवा. कित्येक अभ्यासक या कवितेला साम्राज्याची भाटगिरी म्हणून बाजूला सारतात. मला तिच्यात हिशेब मागणारा सूर स्पष्ट ऐकू येतो आणि तो मला मोलाचा वाटतो. पण त्या कवितेत सातारा जिल्ह्यातली प्रत्यक्ष आई नाही. आपल्याकडे तरी वेगळे कुठे आहे? तुळशीदासाच्या सिंहगडाच्या पोवाड्यात कोंढाणा मागते ती जिजाऊ, आणि रायबाच्या लग्नाचे आमंत्रण घेऊन आलेला तानाजी तिच्या शब्दाखातर गडावर जातो. तो पोवाडा ऐकताना आजही माझ्या अंगावर काटा येतो. तरीही रायबाच्या आईचे काय झाले, हे शाहिराने आपल्याला सांगावे असे मला अलीकडे फार वाटते.

हे सगळे गोव्यात जास्त टोचते, कारण इथल्या एका पिढीला दोन देशांना आई म्हणावे लागले. माझ्या आईने पोर्तुगीज शाळेत प्रिमेर ग्राव ही प्राथमिक परीक्षा केली. घरी हरिपाठ आणि देवळात मराठी कीर्तन ऐकणारी ही फोंड्याची मुलगी शाळेत पोर्तुगालचे राष्ट्रगीत म्हणत असे, आणि ते गीत म्हणजे युद्धगीतच आहे : शस्त्रे घ्या, मायदेशासाठी लढा, तोफांच्या रोखाने चालत राहा. १८९० मध्ये इंग्रजांच्या दटावणीने दुखावलेल्या पोर्तुगालसाठी ते लिहिले गेले आणि १९११ मध्ये राष्ट्रगीत झाले. त्या अपमानाशी फोंड्याच्या मुलीचा काय संबंध होता? गोव्याचे स्वातंत्र्यसैनिक त्रिस्तांव ब्रागांझा कुन्हा यांनी १९४४ मध्ये गोमंतकीयांच्या अराष्ट्रीयीकरणावर पुस्तिका लिहिली तेव्हा त्यांचा रोख याच शिक्षणावर होता. त्यांची काही मते मला टोकाची वाटतात, विशेषतः इथल्या ख्रिस्ती समाजाच्या चालीरीतींविषयीची. पण दुसऱ्याच्या शौर्याची गाणी तोंडी बसवून माणसाचे मन ताब्यात घेतले जाते, हे त्यांनी वसाहतवादाचा विचारवंत फ्रांझ फॅननच्या कितीतरी आधी ओळखले होते.

पुढच्या वेळी येशील तेव्हा तुला पणजीच्या मिनेझिस ब्रागांझा संस्थेत नेईन. पोर्तुगीज सत्तेविरुद्ध लेखणी चालवणाऱ्या पत्रकाराचे नाव या वास्तूला आहे, आणि तिच्या प्रवेशदालनाच्या भिंतींवर निळ्या चित्रफरशांत पोर्तुगीज कवी कामोंइशच्या लुझियादस महाकाव्यातले प्रसंग आहेत. संस्था वास्को द गामाच्या नावाने ओळखली जात होती त्या काळात, १९३५ मध्ये, जोर्ज कुलासुने त्या फरशा रंगवल्या. नाव बदलले, भिंती राहिल्या, आणि त्या राहिल्या याचा मला आनंद आहे. कामोंइश स्वतः सैनिक होता, लढाईत एक डोळा गमावलेला, आणि १५५३ मध्ये तो गोव्यात आला. त्याचे काव्य म्हणजे विजयाचे स्तोत्र असे मानून आपण ते वाचतच नाही. पण त्याच्या चौथ्या सर्गात वास्को द गामाची जहाजे निघताना किनाऱ्यावर आया आणि बायका रडत आहेत, आणि लिस्बनच्या रेस्तेलू किनाऱ्यावरचा एक म्हातारा पुढे होऊन कीर्तीच्या आणि सत्तेच्या हावेला शिव्याशाप देतो आहे. साम्राज्याच्या सर्वांत मोठ्या काव्यातच साम्राज्याला दिलेला हा शाप आहे. गोव्याच्या मुलाने गोवा जिंकणाऱ्या अल्बुकेर्कची स्तुती वाचावी आणि हा म्हाताराही वाचावा. दोन्ही एकाच कवीचे आहेत हे त्याला कळले पाहिजे.

पोर्तुगीज कवी फेर्नांदु पेसोआची १९२६ ची एक छोटी कविता मी ओवेनच्या शेजारी ठेवली आहे. माळरानावर एक तरुण सैनिक मरून पडला आहे. त्याच्या खिशातून आईने दिलेली सिगारेटची डबी निसटली आहे, लहानपणी सांभाळणाऱ्या दाईने दिलेला रुमाल दुसऱ्या खिशातून लोंबतो आहे, आणि दूर घरी त्याने लवकर सुखरूप परतावे म्हणून प्रार्थना चालली आहे. साम्राज्य कशी जाळी विणते, एवढेच कवी मध्ये म्हणून जातो. इथे राष्ट्र आई होत नाही, आई आईच राहते. हीच कविता मला युद्धकवितेची कसोटी वाटते.

आता गोव्याच्या युद्धाविषयी. १४ डिसेंबर १९६१ रोजी पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारने गव्हर्नर जनरल वासालो ई सिल्वा यांना तार धाडली. तिचा आशय असा होता की, युद्धविराम होणार नाही, पोर्तुगीज युद्धकैदी असणार नाहीत, जहाजे शरण जाणार नाहीत. सैनिक आणि खलाशी एक तर विजयी होतील किंवा मरतील. होरेसचे तेच वचन इथे सरकारी हुकूम होऊन आले. वासालो ई सिल्वांनी १९ डिसेंबरला शरणागती पत्करली आणि तीन हजारांहून अधिक पोर्तुगीज सैनिक जिवंत राहून पुढच्या वर्षी आपल्या घरी गेले. त्यांच्या सेनापतीला मात्र लष्करातून बडतर्फ करण्यात आले, आणि पोर्तुगालमधल्या १९७४ च्या क्रांतीनंतरच त्यांचा मान त्यांना परत मिळाला. १९८० मध्ये ते गोव्यात पाहुणे म्हणून येऊन गेले. माझ्या प्रबंधाचे मुख्य प्रकरण या तारेवर आणि ओवेनच्या कवितेवर आहे. इंग्रजी विभागातल्या एका ज्येष्ठ प्राध्यापकांनी मला विचारले की तार म्हणजे साहित्य आहे का. नसेल, पण कवितेने ज्या वृत्तीशी झगडा मांडला ती वृत्ती इतक्या उघडपणे बोललेली मला दुसरीकडे क्वचितच आढळली आहे.

तू कदाचित म्हणशील की अशाने आपल्या हुतात्म्यांचे मोल कमी होते. मला तसे वाटत नाही. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोव्याच्या सरहद्दीवर पत्रादेवीला निःशस्त्र सत्याग्रही गोळ्यांपुढे चालत गेले. ते माझे आहेत. १९६१ च्या कारवाईत अंजदीव बेटावर उतरताना पडलेले सात नौसैनिकही माझेच. त्यांच्या घरी काय झाले हे विचारल्याने त्यांचा मान वाढतो. शिवाय गोमंतकीयांची राष्ट्राशी असलेली नाती एका धाग्यात ओवता येत नाहीत. बार्देशात जन्मलेले आकिनु द ब्रागांझा मोझांबिकच्या मुक्तिलढ्यात सामील झाले आणि १९८६ मध्ये मोझांबिकचे अध्यक्ष सामोरा माशेल यांच्याबरोबर विमान अपघातात गेले. १६ जानेवारी १९६७ च्या जनमत कौलात गोव्याने महाराष्ट्रात विलीन न होता वेगळे राहणे पसंत केले, आणि माझ्यासारख्या मराठी वाचणाऱ्या अनेक घरांत त्या रात्री एकाच पंगतीला दोन मते बसली होती. इथे राष्ट्रीय अस्मितेविषयी बोलताना मराठी, कोंकणी आणि पोर्तुगीज या तिन्ही भाषांतले काव्य समोर ठेवावे लागते. फक्त इंग्रजीतून युद्धकविता शिकवणारा आपला अभ्यासक्रम इथेच अपुरा पडतो, आणि तो बदलावा यासाठी मी विद्यापीठाला टिपण देणार आहे.

तुझ्याकडून एक काम हवे आहे. अपशिंग्यात ज्या घरांतून माणसे पहिल्या किंवा दुसऱ्या महायुद्धावर गेली, त्या घरांतल्या वडीलधाऱ्या बायकांना जात्यावरच्या ओव्या येत असतील, तर त्या उतरवून घ्यायच्या आहेत. लढाईचा उल्लेख आहे की नाही हे पाहू नकोस. मुलाची वाट पाहण्याच्या ओव्या असतील त्या सगळ्या घे. त्यांच्या म्हणण्यातच घे, प्रमाण मराठीत सुधारू नकोस, आणि म्हणणाऱ्या बाईची परवानगी आधी माग. गणपतीनंतर मी चार दिवसांची रजा काढून साताऱ्याला येऊ शकेन. त्यापूर्वी तुला कोणत्या घरांत बोलता येईल ते कळव, म्हणजे त्याप्रमाणे निघतो.

वहिनींना नमस्कार आणि मुलांना आशीर्वाद.

तुझा,
माधव