खंजिरीवाल्याची कोरी पानं

महोदय,
आमच्या भजनी मंडळातला खंजिरीवाला दोन महिने घराबाहेर पडला नाही. पारावरचे म्हणाले, ‘कलावंत मानूस हाय, असाच राह्यते.’ त्याची वही मी पाहिली. शेवटचं पद अर्ध्या ओळीवर अडलेलं, पुढची पानं कोरी.

मानसोपचारतज्ज्ञ नॅन्सी अँड्रियासन यांच्या १९८७ च्या अभ्यासात ३० अमेरिकी लेखकांपैकी ८० टक्क्यांना कधीतरी नैराश्यासारखा विकार झालेला आढळला. हे सगळे सांगतात. पण ऐन आजारात त्यांचंही लिखाण थांबायचं, हे कुणी सांगत नाही! १४४१६ हा मानसिक आरोग्याच्या मदतीचा सरकारी ‘टेली-मानस’ फोन क्रमांक मोफत आहे, आमच्या पारावर कुणालाच ठाऊक नव्हता. गोळ्या सुरू झाल्या आणि तूर सोंगायच्या दिवसांत त्यानं शेकोटीवर खंजिरी पुन्हा तापवली.

– एक वाचक, ता. दर्यापूर, जि. अमरावती